'ण'वरून नाव, 'यू' की 'आय', आणि मुलीचं की मुलाचं?

प्रश्न : आमची लेक आठ आठवड्यांची झाली. बारशाला एकमत होईना, म्हणून पाळण्यात 'गौरी' म्हणून वेळ मारून नेली. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच आहे. आता मृणाल, अनन्या आणि राही ही तीन नावं उरली आहेत. जाऊबाई इंदूरच्या. त्या म्हणतात, मृणाल आणि राही ही तिकडे मुलग्यांची नावं वाटतात. नणंदबाईंचं म्हणणं, हस्त नक्षत्राचं तिसरं चरण आहे, अक्षर 'ण' आलंय, त्यावरूनच ठेवा. नवऱ्याचं नाव हृषीकेश. दहावीची सनद, पॅन आणि आधार यांवर त्याचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं आहे आणि त्यापायी खूप हेलपाटे झाले. लेकीला तो ताप नको. एका ओळखीच्यांनी अंकशास्त्राप्रमाणे एक 'ए' वाढवायला सांगितलंय. पुढेमागे दोन-चार वर्षं जर्मनीला जायचा विचार आहे. कुठलं नाव, कुठलं स्पेलिंग, आणि कधीपर्यंत ठरवायचं? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी वेळेचं बोलू, कारण 'लवकर नाव द्या' या धास्तीपोटीच निम्मे घोळ होतात. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, आणि बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ती रुग्णालयच देतं. तुमची नोंद झालेली आहे, म्हणून तर कोरा दाखला हातात आहे. नाव चढवणं ही त्यानंतरची वेगळी पायरी. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढतं. पुढे विलंब शुल्क भरून, नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत चढवता येतं. म्हणजे तुमच्या हाती अजून दहा महिने आहेत. मात्र एकदा चढलेलं नाव 'आता आवडत नाही' म्हणून खोडता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मधलं कलम १५ नोंदीतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे, पसंती बदलण्यासाठी नाही. त्यात २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा दाखला फारच वजनदार झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी या सगळ्या ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून तोच चालतो. तेव्हा महिनाभर जास्त लागला तरी चालेल, पण रकाना भराल तो पक्क्या अक्षरांनी भरा.

आता लेकीच्या नावाआधी तिच्या बाबांचं नाव निस्तरा. हे उलटं वाटेल, पण मुलीच्या पूर्ण नावात वडिलांचं नाव येणारच, आणि ते येताना स्वतःचा घोळ घेऊन येतं. हृषीकेश म्हणजे हृषीक (इंद्रियं) अधिक ईश. बोलण्यात सुरुवातीचा 'ह' गळतो, मग ऋषींचे केस डोळ्यांसमोर येतात आणि 'ऋषिकेश' तयार होतं. इंग्रजीत त्याची चार रूपं फिरतात : एच-आर-आय, एच-आर-यू, आर-आय आणि आर-यू. चारही वाचायला ठीक, पण संगणकाच्या लेखी ती चार माणसं.

लेकीच्या कोऱ्या दाखल्यावर वडिलांचं नाव आत्ताच छापलेलं आहे, आणि ते बाळंतपणाच्या रात्री कुणीतरी रुग्णालयाच्या अर्जात घाईने लिहिलेलं आहे. दाखला काढून बघा. देवनागरीत 'हृषीकेश' आहे की 'ऋषिकेश' की 'रुषिकेश', आणि इंग्रजीत नेमकं काय आहे? वडिलांचा पासपोर्ट आणि दहावीची सनद जुळत असेल तर तेच स्पेलिंग प्रमाण माना आणि आधार-पॅन त्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा अंदाजपंचे एक संधी वाया घालवू नका. दाखल्यावरचं वडिलांचं (आणि तुमचंही) नाव चुकलेलं निघालं, तर आधी त्याच्या दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत पासपोर्टची प्रत जोडा. आईवडिलांची नावं दुरुस्त झाल्याशिवाय बाळाचं नाव चढवू नका. नाहीतर एकाच दाखल्याच्या तीन आवृत्त्या घरात साठतात आणि शाळेत नेमकी जुनी जाते.

आता जाऊबाईंचा मुद्दा. त्यांचं चुकलेलं नाही. नावाचं लिंग व्याकरणात नसतं, ते त्या-त्या मुलखाच्या सवयीत असतं. रश्मी, अंजली, निधी, विधी, ध्वनी हे सगळे शब्द संस्कृतात पुल्लिंगी. विधी आणि ध्वनी तर मराठीतही 'तो'च. तरी आपल्याकडे या सगळ्या मुली आहेत. ज्योती म्हटलं की आपल्याला मुलगी दिसते, बंगालमध्ये ज्योती बसू मुख्यमंत्री होते. कमल आपल्याकडे आजीचं नाव, तमिळनाडूत कमल हासन. किरण, सुहास, स्नेहल, शशी यांचं तर आपल्याच घरात ठरत नाही : किरण मोरे यष्टिरक्षक, किरण बेदी पोलीस अधिकारी, सुहास जोशी अभिनेत्री, सुहास पळशीकर राज्यशास्त्रज्ञ. पंजाबी शिखांमध्ये बहुतेक नावं दोघांना सामाईक असतात. हरप्रीत, मनदीप, गुरप्रीत कुणीही असू शकतं, आणि पुढचं सिंग किंवा कौर उलगडा करतं.

आपल्याकडेही तशी सोय होती, फक्त आपण ती टाकून दिली. कृष्णाबाई आणि कृष्णराव, वेणूबाई आणि वेणूगोपाळ, भीमाबाई आणि भीमराव. नावाला 'बाई' किंवा 'राव' लागल्यावर मूळ शब्द कुठल्या लिंगाचा, याचं कुणाला देणंघेणं नसे. ती शेपटी गेली आणि नाव एकटं उघड्यावर आलं. तरीसुद्धा मराठी बोलताना अडत नाही, कारण क्रियापद लगेच चहाडी करतं. 'किरण आला' किंवा 'किरण आली' म्हटलं की संपलं. पंचाईत होते ती इंग्रजी कागदावर, जिथे क्रियापदाला लिंग नसतं आणि 'डिअर सर' की 'मॅडम' हे नावावरूनच ठरवायचं असतं.

आणि खरा गोंधळ या सामाईक नावांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे, जिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमच्या यादीतलं अनन्या घ्या. मुलगा असता तर अनन्य. देवनागरीत फरक स्वच्छ आहे, एका कान्याचा. इंग्रजीत दोन्ही ए-एन-ए-एन-वाय-ए. असंच अपूर्व आणि अपूर्वा, आर्य आणि आर्या, दिव्य आणि दिव्या, सौम्य आणि सौम्या. याचं कारण शेवटचं जोडाक्षर. 'मयूर' किंवा 'रोहन' म्हणताना शेवटचा 'अ' आपण गिळतो, म्हणून इंग्रजीतही लिहीत नाही. 'अपूर्व', 'आर्य' म्हणताना मात्र जोडाक्षरामुळे तो 'अ' थोडा उच्चारावाच लागतो, मग शेवटी 'ए' येतो, आणि तोच 'ए' मुलीच्या कान्यासाठीही वापरलेला असतो. म्हणून एक कसोटी लक्षात ठेवा : नावाच्या शेवटी जोडाक्षर असेल आणि त्याची मुलाची व मुलीची अशी दोन्ही रूपं चलनात असतील, तर इंग्रजीत ती एकच होणार. मुलगा असेल तर शेवटचा 'ए' गाळून सुटका होते, पुष्कळ अपूर्व आणि अथर्व तसं लिहितात. मुलीच्या बाबतीत शेवटी दोन 'ए' लावणं हा उपाय सुचवला जातो, पण लोक तो अंकशास्त्राचा प्रकार समजून एक 'ए' गाळून टाकतात आणि नाव पुन्हा जुळेनासं होतं.

तेव्हा अनन्यावर लिंगाची शंका इंदूरला येणार नाही, इंग्रजी यादीत क्वचित येईल. माझी तक्रार वेगळी आहे. गेली काही वर्षं हे नाव इतकं चाललंय की शाळेत तिला अनन्या के. किंवा अनन्या पी. होऊन बसावं लागण्याची शक्यता मोठी. त्याची फिकीर नसेल तर नाव सुरेख आहे.

राहीबद्दल मात्र जाऊबाईंना सांगण्यासारखं आपल्याकडे बरंच आहे. हिंदी-उर्दूत राही म्हणजे वाटसरू, आणि पुरुष लेखकांनी ते टोपणनावही केलंय, राही मासूम रझा त्यांतले. इंदूरच्या कानाला तो पुरुष वाटणं साहजिक. पण पंढरीची राही निराळी. विठ्ठलाच्या आरतीत रखुमाईच्या जोडीने येते ती राही म्हणजे राधा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, देशी बियाणं जपणाऱ्या, २०२० च्या पद्मश्री. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक. मराठी मुलखात हे मुलीचंच नाव आहे आणि त्याला चांगली जुनी मुळं आहेत. इंग्रजीत आर-ए-एच-आय, चार अक्षरं. शेवटी दोन 'ई' लावण्याची गरज नाही.

मृणालचं गणित सगळ्यात रंजक. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, त्यातला तंतू. संस्कृतात मूळ शब्द नपुंसकलिंगी, म्हणजे कुणाचाच हक्क नाही. बंगालमध्ये तो पुरुषांकडे गेला, चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन सगळ्यांना ठाऊक. महाराष्ट्रात तो स्त्रियांकडे आला. मुंबईत पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेल्या. आणि इथे स्पेलिंग तुमच्या मदतीला येतं. 'ऋ'चा उच्चार आपण 'रु'कडे झुकवतो, उत्तरेत आणि बंगालमध्ये तो 'रि'कडे झुकतो. म्हणून आपल्या ऋतुजा, अमृता यांच्या इंग्रजीत सहसा 'यू' असतो आणि तिकडच्यांच्या 'आय'. एम-आर-आय लिहिलंत तर वाचणाऱ्याला बंगाली पुरुष आठवू शकतो. एम-आर-यू लिहिलंत की हे नाव मराठी आहे हे कळतं, आणि मराठी मृणाल मुलगी असते. 'ज्ञ'चंही तसंच आहे. प्रज्ञाच्या इंग्रजीत 'डी-एन' दिसलं की घर महाराष्ट्रातलं, 'जी-वाय' दिसलं की उत्तरेकडचं. स्पेलिंगने उच्चार तर कळतोच, पण गावही कळतं.

तरीही 'मुलगीच वाटली पाहिजे' असा घरात आग्रह असेल तर मृणालिनी ठेवा. शंका संपते, आणि हाक मारायला मृणाल उरतंच.

देवनागरीत नाव कसं लिहायचं हे इंग्रजीच्या आधी ठरवा. बहुतेक घरांत हे राहूनच जातं, कारण चर्चा स्पेलिंगची होते आणि मराठी नाव 'ते तर येतंच की' म्हणून सोडून दिलं जातं. मृणालमध्ये 'मृ' हवा, 'म्रु' नाही, आणि 'ण' हवा. राहीचा शेवट दीर्घ. मराठी शुद्धलेखनात सुट्या नावाच्या अंती येणारी वेलांटी-उकार दीर्घच : अदिती, शशी, हरी. सामासिक नावात आधीचा शब्द मूळचा ऱ्हस्व असेल तर तो ऱ्हस्व राहतो : शशिकला, हरिप्रिया. हिंदी संकेतस्थळांवरच्या याद्यांमधून नाव उचललं की 'अदिति', 'सृष्टि' अशी ऱ्हस्व रूपं दाखल्यावर येतात. सृष्टीचं 'श्रुष्टी' तर आपलं आपणच करतो, आणि मग इंग्रजीत एक 'एच' जास्तीचा शिरतो तो जन्मभर. दूर्वा आणि पूर्वा दीर्घ, हेही जाता जाता.

हे आत्ताच ठरवायचं कारण व्यावहारिक आहे. कित्येक ठिकाणी नोंद इंग्रजीत टंकली जाते आणि शेजारचा मराठी रकाना संगणक आपोआप भरतो. इंग्रजीत 'ण' आणि 'न' एकच, 'ळ' आणि 'ल' एकच, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. त्यामुळे एम-आर-यू-एन-ए-एल मधून 'म्रुनल' बाहेर पडू शकतं. ते कुणी दुरुस्त केलं नाही तर आधारवर 'म्रुनल' आणि जन्मदाखल्यावर 'मृणाल' अशा दोन मुली होतात, इंग्रजी अगदी जुळत असूनही. घरच्या घरी चाचणी करा. फोनवरच्या मराठी कळफलकात तुमचं इंग्रजी स्पेलिंग टाका आणि पहिलं सुचवलेलं रूप काय येतं ते पाहा. मग ते स्पेलिंग कागदावर लिहून, नाव आधी न ऐकलेल्या तिघांना वाचायला द्या, त्यांतली एक इंदूरची असू द्या. शेवटी फोनवर कुणाला तरी अक्षर-अक्षर सांगून लिहून घ्यायला लावा. जे स्पेलिंग सांगताना 'नाही, एकच ए' असं म्हणावं लागतं ते आयुष्यभर म्हणावं लागतं.

यावरून अंकशास्त्राकडे. विश्वास ज्याचा त्याचा, पण जास्तीचं अक्षर घालायचंच असेल तर ते जन्मदाखल्यापासून घाला, नाहीतर कधीच घालू नका. शाळेत गेल्यावर, दहावीच्या आधी, लग्नाच्या वेळी 'सुधारलेलं' स्पेलिंग म्हणजे राजपत्रात नावबदलाची जाहिरात आणि त्यामागे प्रत्येक कागदाची स्वतंत्र फेरी. मृणालमध्ये दुसऱ्या 'ए'ची उच्चाराला गरज नाही. राहीत 'ए' वाढवला तर उच्चारही बिघडत नाही आणि फायदाही दिसत नाही. मी घालणार नाही.

'ण'वरून नणंदबाईंशी भांडू नका, त्या नियमाने बरोबर आहेत. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची ४ चरणं, मिळून १०८ अक्षरं. हस्ताची पू, ष, ण, ठ, तिसरं 'ण'च. आर्द्रात 'ङ' येतो आणि उत्तराभाद्रपदेत 'ञ', त्या घरांतल्या आत्याबाईंची काय अवस्था होत असेल बघा. ही अक्षरं उच्चारांच्या कोष्टकातून आली आहेत, नावांच्या यादीतून नाहीत. 'ण'ने सुरू होणारे शब्द प्राकृतात आहेत, जैनांच्या णमोकार मंत्रात आहेत, पण मराठीत हाक मारण्याजोगं नाव नाही. रूढ तोड अशी की गुरुजी 'ण'च्या जागी 'न' घेतात आणि त्या अक्षराचं नावरस नाव पत्रिकेत लिहितात. ते नाव व्यवहारातलं असायला लागत नाही, दाखल्यावर तर नाहीच नाही. पत्रिकेत नलिनी लिहा, दाखल्यावर मृणाल. नलिनी म्हणजेही कमळच, नणंदबाईंना एवढं पुरावं. शिवाय मृणालच्या मधोमध 'ण' बसलेला आहे. नियमात बसत नाही, पण चहा घेताना सांगायला बरं.

आता लांबी. १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या बाळांची नावं शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायची, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. चांगलाच निर्णय, पण त्याने नाव चार शब्दांचं झालं. तुमच्या कार्यालयात दाखल्यावर हे चार शब्द एकत्र छापले जातात की आईचं नाव वेगळ्या रकान्यात येतं, हे खिडकीवर विचारून घ्या आणि जसं छापलं जाईल तसंच पुढे आधार आणि शाळेत चालवा. पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच असतात, नाव आणि आडनाव. पासपोर्टच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायची जी ओळ असते तीत पूर्ण नावाला ३९ जागा मिळतात. आडनावानंतर दोन खुणा आणि मधल्या प्रत्येक शब्दानंतर एक खूण त्यातच धरायची.

आडनाव ८ अक्षरांचं, तुमचं नाव ८ चं आणि हृषीकेश 'एच'सकट १० चं धरून मोजू. ८ अधिक २, मृणालची ६ अधिक १, तुमची ८ अधिक १, बाबांची १०. एकूण ३६. बसलं. मृणालिनीची ९ अक्षरं घेतली तर नेमकं ३९, काठोकाठ. त्यात अंकशास्त्राचा एक 'ए' घातलात की शेवटचं अक्षर कापलं जातं. राहीची ४ घेतली तर ३४. कापलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण तिकीट काढताना पूर्ण नाव आणि कापलेलं नाव यांतलं कुठलं टाकायचं हा प्रश्न दर प्रवासाला पडतो. तुमच्या खऱ्या आडनावाची अक्षरं मोजून हीच बेरीज एकदा कागदावर करा. आणि आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. काही देश पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना अडवतात.

जर्मनीची धास्ती नको. नावावरून मुलगा-मुलगी कळलंच पाहिजे असा आग्रह तिथली नोंदणी कार्यालयं पूर्वी धरत. गंमत म्हणजे तो मोडला गेला तो आपल्याच एका नावाने. एका मुलीला किरण हे एकच नाव ठेवायला हरकत घेतली गेली, लिंग स्पष्ट करणारं दुसरं नाव जोडा म्हटलं. प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. तुमची लेक तर भारतीय पासपोर्टवर जाईल, तिथे पासपोर्टवरचंच नाव चालतं. राहिला उच्चार. जर्मनमध्ये दोन स्वरांमधला 'एच' सहसा उच्चारत नाहीत, त्यामुळे राहीची 'राई' होईल. आरतीत काही ठिकाणी 'राई'च छापतात, तेव्हा फार बिघडलं असं नाही. मृणालमधला 'यू' जर्मन माणूस बरोबर 'उ' वाचेल, पण 'म्र'ला मात्र एकदा अडखळेल. इंग्रजी मुलखात एम-आरने सुरू होणाऱ्या नावाला 'मिस्टर उनाल' ही थट्टा ठरलेली, ती तिला दोन-चारदा ऐकावी लागेल. बाळगायला हवी अशी खबरदारी वेगळीच आहे : काही विमान तिकिटांवर नावाला चिकटून एम-एस किंवा एम-आर छापलं जातं, तिकीट काढताना लिंगाचा रकाना नीट भरलाय ना ते बघा, कारण तिथे नावावरून कुणी अंदाज करणार नाही, भरलेलं तेच छापेल.

माझी पसंती विचारलीत तर मृणाल, एम-आर-यू-एन-ए-एल. आडनाव लांबलचक असेल किंवा बराच काळ परदेशात राहायचं नक्की असेल तर राही. अनन्या तिसऱ्या क्रमांकावर, केवळ गर्दीमुळे.

ठरलं की एका कागदावर मोठ्या सुट्या अक्षरांत चारही नावं लिहा : बाळ, आई, बाबा, आडनाव, वर देवनागरी आणि खाली इंग्रजी. त्याच्या चार प्रती काढा. एक महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्जाला जोडा. सोबत कोऱ्या दाखल्याची प्रत (नोंदणी क्रमांक त्यावरच असतो) आणि दोघांची ओळखपत्रं लागतील, आणखी काही लागतं का ते जाण्याआधी विचारून घ्या. दुसरी प्रत आधार केंद्रात चालकाच्या हातात द्या. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात. पावतीवर सही करण्याआधी पडद्यावरचा मराठी रकाना वाचा, तिथेच 'म्रुनल' सापडतो. तिसरी पासपोर्टच्या अर्जासाठी, चौथी शाळेच्या पहिल्या दिवसासाठी जपून ठेवा. शाळेच्या रजिस्टरात बाई ऐकून नाव लिहितात, आणि पुढे शाळेची नोंद आधारशी ताडून पाहिली जाते तेव्हा तिथला फरक वर येतो.

दाखला हातात आला की खिडकीपासून हलू नका. बाळाचं नाव सगळेच वाचतात, तुम्ही आधी बाबांचं वाचा.